फुकट मिळणारं दुकान कसं पारखावं?

प्रश्न : आमचा बायकांचा बचत गट आहे. मालवणी मसाला, कोकम आगळ, कुळथाचं पीठ आणि काजू असा माल आम्ही विकतो. आतापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालत होतं. पण गणपती-दिवाळीच्या दिवसांत कुणाचे पैसे आले आणि कुणाचं पार्सल गेलं याचा मेळ लागत नाही, म्हणून स्वतःचं संकेतस्थळ करायचं ठरवलं आहे. माझा भाचा म्हणतो वूकॉमर्स घे. पुण्यातले एक ओळखीचे म्हणतात मॅजेंटो घ्या. तिसऱ्याने ओपनकार्ट सुचवलं. तिन्ही ओपन सोर्स, तिन्ही फुकट. संगणकाचं शिक्षण नसलेल्या आमच्यासारख्या बायकांनी यातलं योग्य कोणतं हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : आधी निकाल सांगते. तुमच्या गटासाठी वूकॉमर्स. मॅजेंटो नको. ओपनकार्ट वाईट नाही, पण ते सांभाळणारा जाणकार माणूस तुमच्या हाताशी असेल तरच. आता हे कशावरून ठरवलं ते सांगते, कारण उद्या आणखी कुणीतरी चौथं नाव घेऊन येईल आणि तेव्हा तुम्हाला स्वतःला पारख करता यायला हवी.

या कार्यक्रमांच्या जाहिरातीत सोयींची लांबलचक यादी असते. कार्टमध्ये माल टाकता येतो, कूपन लावता येतं, ग्राहकाला ईमेल जातो, साठा मोजता येतो. हे सगळं सगळ्यांतच आहे. त्या यादीवरून निवड करू नका. दुकानाचा वाईट दिवस कसा जाईल ते पाहा. पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही, सरकारने कराचा दर बदलला, कार्यक्रमाच्या अपडेट बंद झाल्या, संकेतस्थळ करून देणारा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला. या चार दिवशी कुठला कार्यक्रम तुम्हाला उभं ठेवतो, एवढंच तपासायचं आहे.

अपडेट बंद होण्यापासून सुरुवात करू, कारण ओपन सोर्सचं मोलही तिथेच कळतं आणि धोकाही. २००० साली जर्मनीत हाराल्ड पोन्से दे लिऑन यांनी ओएसकॉमर्स सुरू केलं. फुकट कार्टच्या, म्हणजे दुकान चालवणाऱ्या अशा कार्यक्रमांच्या, जगातलं हे पहिलं मोठं नाव. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला होता, म्हणून काही जणांनी तो घेऊन २००३ मध्ये झेन कार्ट नावाचा वेगळा प्रकल्प काढला. खुद्द वूकॉमर्सही असंच जन्मलं. जिगोशॉप नावाच्या कार्टचा कोड घेऊन वूथीम्स या कंपनीने २०११ मध्ये ते बाजारात आणलं. २०१५ मध्ये ती कंपनी ऑटोमॅटिकने विकत घेतली. वूकॉमर्स ज्याच्या आधारे चालतं ते वर्डप्रेस ज्यांनी घडवलं त्यांतल्या मॅट मुलेनवेग यांची ही कंपनी.

मॅजेंटोची गोष्ट जास्त बोलकी आहे. २००८ मध्ये ते आलं आणि मोठमोठ्या दुकानांनी उचललं. २०११ मध्ये ईबेने ते घेतलं, २०१८ मध्ये अडोबीने १६८ कोटी डॉलरना. मालक बदलत गेले तसा कंपनीचा कल श्रीमंत ग्राहकांकडे वळला. पहिल्या पिढीच्या मॅजेंटोचा आधार जून २०२० मध्ये अधिकृतपणे थांबला. पण हजारो दुकानदारांनी तेच जुनं चालू ठेवलं, कारण दुसऱ्या पिढीवर जायचं म्हणजे दुकान जवळजवळ नव्याने बांधायचं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या एका शनिवार-रविवारी सुमारे २,००० मॅजेंटो दुकानं फोडली गेली. त्यातली बहुतेक जुन्या पिढीची. चोरांनी पैसे भरण्याच्या पानात कार्डाचे तपशील चोरणारा कोड घुसवला होता. आणि तरीही कोड खुला असल्यामुळेच काही स्वयंसेवकांनी ओपनमेज नावाने तीच जुनी पिढी पुढे चालवली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या देत राहिले. बंद कोड असता तर एवढंही शक्य नव्हतं.

म्हणजे पहिली पारख ही : हा कार्यक्रम आज कोण सांभाळतं आणि नियमित सांभाळतं का? ओपन सोर्समध्ये हे उघड दिसतं. गिटहबवर, म्हणजे असा खुला कोड जिथे ठेवलेला असतो त्या संकेतस्थळावर, त्याचं पान उघडा किंवा भाच्याला उघडायला सांगा. शेवटची आवृत्ती कधी आली? गेल्या वर्षभरात किती आल्या? सुरक्षेची चूक कळल्यावर दुरुस्ती यायला दिवस लागले की महिने? कोड लिहिणारी माणसं अनेक आहेत की सगळा भार एकाच माणसावर आहे? एकाच्या जिवावर चालणारा प्रकल्प वाईट असतो असं नाही, पण त्याला बरं नसलं तर तुमच्या दुकानालाही बरं नसतं. वूकॉमर्सच्या मागे कंपनी आहे, पगारी माणसं आहेत आणि बाहेरचे योगदान देणारेही भरपूर आहेत. तुमच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचं म्हणजे वर्डप्रेस जाणणारा माणूस कुडाळ-सावंतवाडीतही सापडतो. मॅजेंटो जाणणारा शोधायला मुंबई-पुणे गाठावं लागेल आणि तो त्याच्या मानाने पैसे मागेल. शिवाय मॅजेंटोच्या २.४ पासूनच्या आवृत्त्यांना मालाचा शोध चालण्यासाठी सर्व्हरवर एक वेगळा कार्यक्रम सतत चालू ठेवावा लागतो. वर्षाच्या वर्गणीचं साधं होस्टिंग त्याला पुरत नाही. चाळीस-पन्नास वस्तूंच्या दुकानाने हा भार का वाहावा?

वूकॉमर्सची कमकुवत बाजूही ऐका. ते मुळात अगदी मोजकं देतं. उरलेलं प्लगइनमधून घ्यावं लागतं आणि प्रत्येक प्लगइन हा कुणातरी वेगळ्या माणसाचा कार्यक्रम असतो. बिलाचा एकाचा, कुरियरचा दुसऱ्याचा, यूपीआयचा तिसऱ्याचा. दुकान बंद पडतं ते बहुधा यांच्यातल्या भांडणामुळे. म्हणून प्रत्येक प्लगइनच्या पानावर दोन गोष्टी बघायच्या : शेवटचं अपडेट कधीचं आणि वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलेलं आहे. तिसरी गोष्ट जरा आतली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नव्या वूकॉमर्स दुकानांत ऑर्डरी वेगळ्या तक्त्यांत साठवल्या जातात. त्याआधी त्या ब्लॉगच्या लेखांच्या तक्त्यातच राहत. ज्या प्लगइनने हा बदल अजून स्वीकारलेला नाही, ते सरळ बाजूला ठेवा. एवढ्या काळात ज्याला हे जमलं नाही, तो पुढेही मागेच राहणार. आणि होता होईल तितकी प्लगइन कमी ठेवा.

इथेच एक कळकळीची विनंती. बाजारात ‘नल्ड’ प्लगइन आणि थीम मिळतात. म्हणजे मूळ विकत मिळणारी, पण कुणीतरी परवान्याची तपासणी काढून टाकून फुकट वाटलेली. ‘स्वस्तात करून देतो’ म्हणणारे अनेक जण तीच बसवतात. त्यात परका कोड घातलेला असू शकतो आणि अपडेट तर कधीच येत नाही. करून देणाऱ्याला स्पष्ट सांगा की विकतचं जे काही असेल ते गटाच्या ईमेलवर, गटाच्या नावाने विकत घ्यायचं.

आता पैशांचा दिवस. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण तुमचं दुखणंच ते आहे. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे ग्राहकाचे पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या सेवा, चाचणीची सोय देतात. तीत खरे पैसे हलत नाहीत. ती चालू करून मोबाइलवरून ऑर्डर द्या, पैसे भरा आणि ‘पैसे भरले’ असं दिसायच्या आत ब्राउझर बंद करा. खऱ्या ग्राहकाकडून हे रोज घडतं. यूपीआयने पैसे भरताना तो दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, तिथे पिन टाकतो, पैसे कापल्याचा संदेश बघतो आणि तुमच्या पानावर परत येतच नाही. मधल्या काळात गाडीतलं नेटवर्क जातं, नाहीतर फोन येतो. अशा वेळी ग्राहक परत आला नाही तरी गेटवेने तुमच्या सर्व्हरला परस्पर कळवायला हवं की पैसे आले. या परस्पर निरोपाला वेबहुक म्हणतात. ते नीट जोडलेलं नसेल तर ऑर्डर ‘पैसे बाकी’ या खान्यात पडून राहते आणि ग्राहक म्हणतो, माझे तर कापले गेले.

गुंता एवढ्यावर थांबत नाही. वूकॉमर्समध्ये साठा मोजण्याची सोय चालू असेल तर पैसे न भरलेली ऑर्डर ठरावीक वेळाने आपोआप रद्द होते आणि माल पुन्हा विक्रीला मोकळा होतो. मुळात ही मुदत ६० मिनिटांची असते. बँकेकडून निरोप दीड तासाने आला तर? पैसे हजर, ऑर्डर रद्द, आणि तोच शेवटचा काजूचा डबा दुसऱ्याने घेतलेला. हा प्रसंग चाचणीत मुद्दाम घडवून बघा. मुदत वाढवता येते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उशिरा पैसे आल्यावर प्लगइन काय करतं, तुम्हाला कळवतं की गप्प बसतं, ते पाहायचं. आणि रिफंड कार्टमधूनच देता येतो की गेटवेच्या वेगळ्या पानावर जावं लागतं, तेही पाहा. दोन ठिकाणी नोंदी करायची वेळ आली की मेळ पुन्हा सुटतो आणि तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्याच दिवसांत परत जाता.

कार्डाच्या बाबतीत एक नियम पक्का लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना ग्राहकाचा कार्ड नंबर साठवायला मनाई केली आहे. म्हणून कार्डाचे आकडे गेटवेच्याच चौकटीत भरले जातील, तुमच्या सर्व्हरला शिवणारही नाहीत, असंच प्लगइन घ्या. शुल्काचा हिशेबही मांडून ठेवा. कार्डावर गेटवे साधारण दोन टक्के घेतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. पाचशेच्या ऑर्डरमागे दहा रुपये शुल्क आणि त्यावर एक रुपया ऐंशी पैसे कर, म्हणजे जवळजवळ बारा रुपये गेले. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घेता येत नाही, पण गेटवे स्वतःच्या सेवेचं म्हणून काही आकारू शकतो. दरपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

कर हा परदेशी कार्टचा नेहमीचा कच्चा दुवा. सावंतवाडीच्या ग्राहकाला सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन कर, पणजीच्या ग्राहकाला एकच आयजीएसटी. वूकॉमर्समध्ये हे बसतं, पण एक खोच आहे. तिथे कराच्या प्रत्येक ओळीला प्राधान्यक्रम द्यावा लागतो आणि एका क्रमांकाची एकच ओळ लागू होते. सीजीएसटी आणि एसजीएसटी दोघांनाही एकच क्रमांक दिला तर निम्माच कर लागतो, आणि हे वर्षअखेरीस सीएच्या लक्षात येतं. एकाला १, दुसऱ्याला २ द्या. तुमच्या मालावर छापील किंमत करासकट असते, म्हणून ‘किमती करासह भरल्या आहेत’ ही खूण आधी करा, मग माल भरा.

बिलाचा क्रमांकही तपासा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलांचे क्रमांक त्या आर्थिक वर्षात ओळीने यावे लागतात आणि ते १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाहीत. वूकॉमर्सचा ऑर्डर क्रमांक ओळीने येत नाही, मध्ये मध्ये उड्या मारतो. म्हणून बिलाला वेगळा क्रमांक देणारं प्लगइन लागेलच, आणि १ एप्रिलला ते नवी मालिका सुरू करू शकतं का ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ ला अनेक वस्तूंचे दर एकदम बदलले, तेव्हा ज्यांनी मालाला कराचे वर्ग नीट लावले होते त्यांनी एका ठिकाणी आकडा बदलला आणि काम संपलं. ज्यांनी प्रत्येक वस्तूत हाताने कर मिसळला होता, त्यांना अख्खं दुकान उपसावं लागलं. जाता जाता : करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना मर्यादेपर्यंत सूट आहे, मसाल्याला नाही.

पार्सलच्या दराबद्दल. तुमची आगळाची बाटली जड, काजू त्या मानाने हलका, पण खोका मोठा. कुरियरवाले खरं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं, असा बहुतेकांचा हिशेब. ३० बाय २५ बाय २० चा खोका म्हणजे तीन किलो, आत माल दीडच किलो असला तरी. म्हणून कार्टमध्ये मालाची मापं भरायची जागा हवी आणि कुरियरच्या प्लगइनने ती वाचायला हवीत. पिनकोडवरून दर लावताना आणखी एक लक्षात ठेवा. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात. पण गोव्याचे ४०३ ने होतात, म्हणजे तेही ४० मध्येच आले. कुणी ‘४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र’ असा नियम लावला तर म्हापशाचं पार्सल राज्यातल्या दराने जाईल. वूकॉमर्स दराचे विभाग वरून खाली वाचतं आणि पहिला जुळणारा लावतं. म्हणून ४०३ चा विभाग सगळ्यात वर ठेवा.

कायद्याने संकेतस्थळावर काय काय दिसलं पाहिजे ते कार्ट ठरवत नाही, पण त्यासाठी जागा मात्र त्यात हवी. पाकिटावरचं निव्वळ वजन, एमआरपी, कुठल्या देशात बनलं, एफएसएसएआयचा क्रमांक, गटाचं नाव-पत्ता. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. गटातल्या एकीकडे हे काम नावानिशी सोपवा.

आता तो मुलगा बंगळूरला गेला तो दिवस. इथे कार्यक्रमाचा दोष नसतो, पण दुकानं बुडतात ती इथेच. डोमेनचं नाव, होस्टिंगचं खातं, गेटवेचं खातं आणि वर्डप्रेसचा मुख्य पासवर्ड या चारही गोष्टी पहिल्या दिवसापासून गटाच्या नावावर हव्यात. ‘माझ्या खात्यात घेतो, तुम्हाला त्रास नको’ असं कुणी आपुलकीने म्हटलं तरी नको. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यात दुःखद पत्रं याच बाबतीतली असतात. कोड खुला, माल चांगला, ग्राहक तयार, आणि डोमेन दुसऱ्याच्या नावावर. दुसरं, बॅकअप रोज व्हावा आणि दुकान ज्या सर्व्हरवर आहे त्याच सर्व्हरवर तो ठेवलेला नसावा. आणि करून देणाऱ्याला कार्टच्या मूळ फाइलींत हात घालू देऊ नका. जे बदलायचं ते प्लगइनमधून किंवा चाइल्ड थीममधून, म्हणजे मूळ थीमला न शिवता तिच्यावर बेतलेल्या वेगळ्या थीममधून. मूळ फाइल बदलली की पुढच्या अपडेटला ते काम पुसलं जातं, म्हणून मग कुणी अपडेट करतच नाही.

ओपनकार्टबद्दल एवढंच : हलकं आहे, वेगवान आहे, सोयी मुळातच बऱ्याच आहेत. पण चौथी आवृत्ती आली तेव्हा तिसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेली अनेक एक्स्टेन्शन चालेनाशी झाली आणि कित्येक दुकानदार जुन्यावरच अडकून राहिले. नोएडाच्या वेबकुल कंपनीचं बॅगिस्टो हे एमआयटी परवान्याखालचं भारतीय कार्ट आहे. ते लारावेलवर बांधलेलं आहे, म्हणून लारावेल जाणणारा माणूस पगारावर असेल तर जरूर बघा. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट वापरून एखादा गट आधीच हिशेब ठेवत असेल तर त्याला जोडता येणारं दुकानही आहे, आणि साठा, बिलं, खातेवही एकाच जागी राहणं ही मोठी सोय आहे. मेडुसा, सॅलिओर यांची नावं कुणी सुचवली तर विचारा की ग्राहकाला दिसणारी पानं कोण बांधणार. ती तिथे वेगळी बांधावी लागतात.

माझा सल्ला असा की होस्टिंग घेऊन महिनाभर दुकान जाहीर न करता चालवा. गटातल्या सगळ्या बायकांनी आपापल्या फोनवरून ऑर्डरी द्याव्यात, रद्द कराव्यात, चुकीचा पत्ता टाकावा, अर्ध्यावर सोडाव्यात. त्यात संगणक न येणारीनेच मागचं पान हाताळावं. तिला ऑर्डर सापडली, बिल छापता आलं, पैसे परत करता आले, तर कार्ट पास.

प्रश्न : आमचं साड्यांचं दुकान सध्या महिना वर्गणीच्या एका तयार सेवेवर आहे. ओपन सोर्सवर गेलो तर वर्गणी वाचेल का?
— एक वाचक, येवला

उत्तर : वर्गणी वाचेल, खर्च वाचेलच असं नाही. तयार सेवा म्हणजे भाड्याचा गाळा. छत गळलं तर मालक बघतो, पण भिंत पाडायची परवानगी नसते आणि भाडं तो ठरवतो. ओपन सोर्समध्ये होस्टिंग, प्लगइनच्या वार्षिक वर्गण्या, अपडेट करणाऱ्या माणसाचे पैसे आणि काही बिघडलं तर तुमचा स्वतःचा वेळ हे सगळं धरून एका वर्षाची बेरीज करा आणि मग तुलना करा. महिन्याला मोजक्याच पैठण्या जात असतील आणि आहे त्या सेवेत मन लागत असेल तर हलू नका.

हलायचं कारण बेरजेखेरीज दुसरं असू शकतं. एकेका पैठणीला वेगळा फोटो, वेगळा विणकर, आधी निम्मे पैसे मग निम्मे, अशी तुमची विक्रीची रीत तयार सेवेत बसत नसेल तर ओपन सोर्स खरोखर उपयोगी पडतं, कारण तिथे रीत तुमची राहते. पण जाण्याआधी आजच्या सेवेतून माल, ग्राहक आणि जुन्या ऑर्डरी सीएसव्हीमध्ये काढून बघा. काय निघतं आणि काय निघत नाही ते कळेल. ग्राहकांचे पासवर्ड सहसा बरोबर येत नाहीत, त्यांना नवे करायला सांगावं लागतं. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवायला विसरू नका, नाहीतर गुगलवरून येणारा ग्राहक रिकाम्या पानावर पोचेल.

प्रश्न : संपूर्ण मराठी दुकान ओपन सोर्स कार्टमध्ये नीट चालतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालतं, पण चार ठिकाणी ठेच लागते आणि ती ठिकाणं आधी माहीत असलेली बरी.

पहिली, पानाचा पत्ता. वर्डप्रेस पत्त्यासाठी २०० अक्षरांची जागा ठेवतं. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात संकेतरूपाने जातं तेव्हा नऊ अक्षरं खातं, आणि काना-मात्राही वेगळं चिन्ह म्हणून मोजला जातो. म्हणजे बावीस चिन्हांनंतर पत्ता तुटतो. ‘घरगुती पद्धतीचा मालवणी मसाला अर्धा किलो’ आणि ‘एक किलो’ या दोन पानांचे पत्ते मग सारखेच होऊ पाहतात आणि कार्यक्रम शेवटी आकडे चिकटवतो. मालाचं नाव मराठीत ठेवा, पत्ता मात्र रोमन लिपीत आखूड लिहा.

दुसरी, पीडीएफ बिल. यातली ठेच सगळ्यात जिव्हारी लागते. बिल बनवणारी अनेक प्लगइन डॉमपीडीएफ वापरतात आणि त्याला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते, ‘क्ष’ फुटतो, ‘प्र’ फुटतो. ग्राहकाच्या हातात जाणारा आपल्या दुकानाचा एकमेव कागद असा विस्कटलेला जावा हे मला सहन होत नाही. एमपीडीएफ वापरणारं प्लगइन घ्या. त्याला देवनागरीची जुळणी येते. विकत घेण्याआधी ‘ज्ञानेश्वर’, ‘कीर्ती’, ‘दऱ्या’, ‘स्त्री’ हे शब्द असलेलं एक बिल काढून दाखवायला सांगा.

तिसरी, आकडे. वूकॉमर्स स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनी देतं, त्यामुळे सव्वा लाखाची पैठणी १,२५,००० ऐवजी १२५,००० अशी दिसते. लहानशा कोडने हे सुधारता येतं. चौथी, शोध. ग्राहक ‘कोकम’ टाकेल, ‘आमसूल’ टाकेल, ‘सोलं’ टाकेल, नाहीतर रोमन लिपीत लिहील. कार्टचा साधा शोध अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. मालाच्या वर्णनात ही सगळी नावं घालून ठेवा.

राहिला प्रश्न बटणांवरच्या मराठीचा. वर्डप्रेस आणि वूकॉमर्सचं भाषांतर स्वयंसेवक करतात. त्यासाठी वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर वेगळं पान आहे. तिथे फुकट खातं उघडून कुणीही वाक्यं सुचवू शकतं आणि मराठीचे संपादक ती तपासून घेतात. चेकआउटच्या पानावर एखादं वाक्य इंग्रजीतच राहिलेलं दिसलं किंवा मराठी अवघडल्यासारखं वाटलं तर ते तिथे जाऊन सुधारा. तुम्ही सुधारलेलं वाक्य पुढच्या भाषांतराबरोबर येवल्याच्या आणि कुडाळच्या दुकानातही पोचेल. ज्यांना संगणक येतो आणि मराठी नीट येते अशा वाचकांनी आठवड्यातला एक तास या कामाला द्यावा, ही माझी मनापासून विनंती आहे.